कोट घालून ये म्हणताना

टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत ख्रिस्ती शाळा भरपूर आहेत. मार्च लागला की या शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या घरी एक पत्रक येतं. वर्षअखेरच्या समारंभाला कोणी काय घालायचं आणि काय घालायचं नाही, ते त्यात असतं. सरकारी शाळांत या समारंभाला प्रॉम म्हणतात. ख्रिस्ती शाळांपैकी काही तोच शब्द वापरतात, काही त्याला बँक्वेट म्हणतात. बँक्वेटला नाच नसतो. जेवण, प्रार्थना, एखाद्या पाहुण्याचे चार शब्द, बारावीच्या मुलांचे बालवाडीपासूनचे फोटो, आणि मग सगळ्यांना बसमध्ये घालून बोलिंगला नेतात.

नाचाच्या बाबतीत इकडची बाप्टिस्ट पंथाची मंडळी फार सावकाश सैलावली. वेको गावात त्यांची बेलर युनिव्हर्सिटी आहे, इथून दीड-दोन तासांवर. ती १८४५ साली सुरू झाली आणि तिच्या आवारात नाचाला परवानगी मिळाली १९९६ साली. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजच्या मुलांना तर २००३ पर्यंत वाट पाहावी लागली. आता काही शाळा जेवणानंतर तासभर नाच ठेवतात, काही अजूनही ठेवत नाहीत. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे होमस्कूलवाले पालक आपला वेगळा प्रॉम करतात आणि त्यातले काही जण त्याआधी मुलामुलींना जुन्या पद्धतीचे, समोरासमोर रांगा करून करायचे नाच शिकवतात. नाचाबद्दल अशी नाना मतं असली तरी कपड्यांबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. नियम हवेत आणि ते लेखी हवेत.

मुलग्यांचे नियम एका पानात मावतात. सूट किंवा टक्सिडो, म्हणजे सॅटिनच्या कॉलरचा मेजवानीचा सूट. तो नसेल तर साधा कोट आणि इस्त्रीची फॉर्मल पँट. कॉलरचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत खोचलेला. टाय किंवा बो दारातून आत येतानाच बांधलेला हवा. जेवण आणि फोटो होईपर्यंत कोट अंगावरून उतरवायचा नाही, खांद्यावर टाकून फिरायचं नाही. चामड्याचे बूट, मोजे घालूनच. कॅनव्हासचे बूट, जीन्स, टोपी, गॉगल नाही. केस कॉलरच्या वर, दाढी केलेली, कानात काही नाही. टेक्सास असल्यामुळे काउबॉय बूट चालतात, फक्त त्यांना पॉलिश हवं. हॅट मात्र दाराशी काढून ठेवायची. बोलो टाय चालेल का, हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. विणलेली चामड्याची दोरी आणि गळ्याशी चांदीचं पदक, असा तो टाय असतो. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत टाय ठरवलं, तेव्हा शाळा नाही म्हणत नाहीत.

हे नियम मला आवडतात. वर्षभर टी-शर्ट आणि ढगळ हुडीत वावरणारा सतरा वर्षांचा मुलगा एका संध्याकाळी दुसऱ्यांसाठी नीटनेटका होतो. सोबत आलेल्या मुलीसाठी, शिक्षकांसाठी, आपल्या वर्गासाठी. बऱ्याच शाळा आधी एक तास घेऊन शिकवतात की खुर्ची कशी ओढून द्यायची, कोणी वडीलधारं टेबलापाशी आलं तर उठून कसं उभं राहायचं, रुमाल मांडीवर कधी घ्यायचा. कोट अंगावर असला की मुलं हे खरंच करतात. मी दर वर्षी पाहते.

पण पत्रक हातात आलं की माझं लक्ष नियमांकडे नंतर जातं. आधी मी पानाच्या तळाशी पाहते. ज्याच्याकडे कोट नाही त्याने काय करायचं, हे तिथे लिहिलंय का? बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

टक्सिडो एका रात्रीसाठी भाड्याने घ्यायचा तर दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात. शर्टाची बटणं, बूट, कमरपट्टा (कमरेला गुंडाळायचा चुण्यांचा कापडी कमरबंद) धरून कधी त्याहून जास्त. ख्रिस्ती शाळेत मुलं घालणारे सगळे पैसेवाले असतात, हा बाहेरच्यांचा समज आहे. आमच्या भागातल्या या शाळांत पाळकांची मुलं आहेत, शिक्षकांची आहेत, फी-माफीवर शिकणारी आहेत, आफ्रिकेतून वर्षभरासाठी परत आलेल्या मिशनरी कुटुंबांची आहेत. चार मुलगे एकापाठोपाठ वाढणारं घर असेल तर मागच्या वर्षीचा कोट या वर्षी मनगटाच्या वर चढलेला असतो. अशी मुलं ‘मला त्या दिवशी काम आहे’ म्हणून सांगतात आणि येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की जी शाळा, जी मंडळी मुलाला कोट घालून ये म्हणते, तिने कोट नसलेल्याला कोट दिला पाहिजे. आणि तो असा दिला पाहिजे की घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही. नाहीतर नियम कितीही सुंदर असला तरी तो गरिबाला बाहेर ठेवायचा दरवाजा होतो.

हे मी माझ्या मनचं बोलत नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, कपड्यांबद्दल जे जे आहे ते एकापुढे एक ठेवून पाहिलं की हेच दिसतं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा बागेतून बाहेर काढले जातात. नियम मोडला, शिक्षा झाली. पण बाहेर पाठवण्याआधी देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांच्या अंगावर घालतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्र घरी येतो, तेव्हा त्याची पाठ केलेली कबुली पुरी व्हायच्या आतच बाप चाकरांना सांगतो की उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडा घाला. मेजवानीला बसण्यालायक कपडे मुलाने आणायचे नसतात, ते घरातून निघतात. आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर आपल्या समारंभांसाठीच लिहिल्यासारखा आहे. सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रं घातलेला एक माणूस आला, मळक्या कपड्यांतला दुसरा आला; तुम्ही पहिल्याला चांगली जागा दिली आणि दुसऱ्याला म्हणालात तिकडे उभा राहा, तर तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात की नाही?

एक दाखला मात्र मला लहानपणापासून छळत आलाय. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायातला, राजाच्या मुलाच्या लग्नाचा. बोलावलेले पाहुणे येत नाहीत, मग राजा रस्त्यावरून दिसेल त्याला बोलावून आणायला सांगतो, बरे-वाईट सगळे. मांडव भरतो. राजा पाहायला येतो तर एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही. तू आत कसा आलास, असं राजा विचारतो. तो माणूस गप्प राहतो. त्याचे हातपाय बांधून त्याला बाहेरच्या अंधारात टाकलं जातं. लहानपणी नगरला चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत हे ऐकलं तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, रस्त्यावरून धरून आणलेल्याकडे लग्नाचे कपडे कुठून असणार? बाईंनी भाष्यकारांचं म्हणणं सांगितलं की तेव्हा यजमानच दाराशी झगे देत असत आणि त्या माणसाने तो घ्यायलाच नकार दिला. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की अशा प्रथेचा पक्का पुरावा नाही, असंही अभ्यासक म्हणतात. तरी मला बाईंचं उत्तर सोडवत नाही. दाराशी झगा दिला असेल तरच तो प्रश्न विचारायचा राजाला हक्क पोचतो.

आमच्या घरात कपड्याचा प्रश्न पुस्तकातला नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती झाले. त्याआधी त्यांच्या कपड्यांचे नियम गावाने ठरवलेले होते आणि ते सगळे ‘हे घालायचं नाही’ असेच होते. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या. नवं धोतर नेसायचं नाही. दक्षिणेत त्रावणकोरमध्ये तर नाडार जातीच्या बायकांना अंगावरचा वरचा कपडा घालता यावा म्हणून कित्येक वर्षं झगडावं लागलं. त्यात मिशनच्या शाळांत शिकलेल्या ख्रिस्ती बायका पुढे होत्या, आणि १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढावा लागला. म्हणून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्न लागताना नवरा मुलगा कोटात उभा राहिला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कोणी त्याला साहेबी थाट म्हणो. ज्यांच्या अंगावरून पिढ्यान्‌पिढ्या कपडा काढून घेतला होता, त्यांना कोटाची किंमत ठाऊक होती.

माझे पप्पा शिंपी. माळीवाड्यात त्यांचं छोटं दुकान होतं, आणि मे महिन्यात लग्नाच्या सुटांची रांग लागायची. दुकानाच्या मागच्या खुंटीवर दोन गडद निळे कोट कायम टांगलेले असायचे. एक छत्तीस छातीचा, एक चाळीसचा. दोन्हींच्या शिवणींत त्यांनी नेहमीपेक्षा जास्त माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली होती. खेड्यावरून एखादा मुलगा आईबरोबर यायचा, सूट शिवायची ऐपत नसायची. पप्पा त्याचं नेहमीसारखं माप घ्यायचे. छाती, खांदा, बाही, कंबर, सगळं वहीत लिहायचे, ट्रायलची तारीख द्यायचे. मग रात्री त्या दोनांतला एक कोट काढून त्याच्या मापाला बसवायचे. बाजूची शिवण उसवून पाव इंच सोडायची, बाहीची घडी खाली घ्यायची, पुन्हा तुरपाई, वर ओल्या फडक्यावरून इस्त्री. लग्न झालं की कोट परत यायचा. दुकानात त्याच वेळी बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळायचंही नाही की याचा कोट नवा नाही.

आमच्या इथल्या चर्चच्या मागच्या बाजूला मुलांना द्यायच्या कोटांची एक खोली आहे, ती मी आणि आमच्या महिला मंडळातल्या आणखी दोघी चालवतो. बाकीच्या दोघी अमेरिकन आहेत. एकीचे वडील टेलर होते, सॅन अँटोनियोला. एप्रिल उजाडला की आम्ही तिघी शनिवार-शनिवार तिथेच असतो. भिंतीला दोन दांडे, त्यांवर मापाप्रमाणे कोट: चौतीस शॉर्टपासून बावन्न लाँगपर्यंत (आकडा छातीचा, शॉर्ट-लाँग उंचीप्रमाणे). खाली खोक्यांत बूट. एका खणात टाय, दुसऱ्यात बो, तिसऱ्यात पट्टे आणि गॅलिस. आरसा मोठा आहे, अंगभर दिसेल असा, आणि तो आम्ही मुद्दाम खिडकीजवळ ठेवलाय, कारण ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो.

मुलगा येतो तेव्हा बरोबर बहुतेक वेळा आई असते. तो दाराशी घुटमळतो. मी पहिलं काम करते ते टेप हातात घेऊन माप घ्यायचं. काय हवंय, किती परवडेल, कुठल्या शाळेचा, हे काही विचारत नाही. छातीचं माप घेताना हात जरा वर कर म्हटलं की ‘येस मॅम’ म्हणून करतो. या वयाची मुलं माप देताना श्वास रोखून धरतात. सोड म्हणावं लागतं, नाहीतर छाती दीड इंच खोटी येते. मग खांदा. कोटात सगळं दुरुस्त करता येतं, खांदा येत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती बसली की बाही कमी-जास्त करता येते, पाठ आत घेता येते, पँटच्या कमरेला मागच्या मधल्या शिवणीतून इंच-दीड इंच सोडता येतो. शर्टाचा कफ बाहीखाली अर्धा इंच दिसला पाहिजे. पँटची मोहरी बुटावर एकदा मोडली की पुरे, दोनदा मोडली तर उसना माल वाटतो.

दुकानातून नवा कोरा दान आलेला कोट असेल तर आधी त्याच्या मागच्या कटावरचा फुलीचा टाका कापायचा. तो टाका फक्त कोट दुकानात टांगलेला असेतोवर कट उघडू नये म्हणून असतो. शाळेतल्या समारंभांत मी चांगल्या श्रीमंत घरातली मुलं तो टाका तसाच ठेवून फिरताना पाहिली आहेत, कारण घरात सांगणारं कोणी नव्हतं. बाहीवरची कंपनीची पट्टी काढायची. खिसे शिवलेले असतात, त्यातला छातीवरचा तेवढा उघडायचा. कोटाला दोन बटणं असतील तर खालचं लावायचं नाही, आणि बसताना वरचंही सोडायचं. फूल डाव्या लॅपेलवर, म्हणजे छातीवरच्या दुमडीवर, लावायचं, टाचणी मागून घालायची म्हणजे टोक दिसत नाही आणि टोचत नाही. टक्सिडोच्या पँटीला पट्टा अडकवायला लूप नसतात, तिथे गॅलिस. कमरपट्ट्याच्या चुण्या वरच्या बाजूला उघड्या ठेवायच्या. तो कमरबंद इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याकडूनच उचललेला आहे, हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांना फार नवल वाटतं.

मग टाय. यूट्यूबवर पाहून बांधता येतो, पण आरशातलं उलटं दिसतं आणि मुलं चिडतात. मी त्यांच्या मागे उभी राहते, खांद्यांवरून हात पुढे घेते आणि माझ्या गळ्यात बांधल्यासारखा त्यांच्या गळ्यात बांधते. रुंद टोक उजवीकडे, अरुंद डावीकडे, रुंद वरून नेऊन खालून, पुन्हा वरून, मग गळ्याशी आतून वर काढून समोरच्या पदरातून खाली. दोनदा मी बांधते, तिसऱ्यांदा त्याने. टोक पट्ट्याच्या बक्कलला लागलं पाहिजे. उंच मुलगा असेल तर मला स्टुलावर उभं राहावं लागतं. एकदा एक मुलगा तिसऱ्या वेळेला स्वतः गाठ जमवून आरशात बघत राहिला आणि म्हणाला, आता मी माझ्या धाकट्या भावाला शिकवीन. त्याच्या घरात टाय बांधणारं मोठं माणूस नव्हतं. पत्रकावर ‘टाय आवश्यक’ एवढंच लिहिलेलं असतं. ती गाठ मुलाला कोणीतरी समोर बसवून, हात धरून शिकवावी लागते, हे लिहिणाऱ्याच्या मनात येत नाही.

मुलींच्या नियमांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुलग्यांचं एक पान, मुलींची तीन. गळा किती खोल, पाठ कुठवर उघडी, पट्ट्या किती रुंद, चीर गुडघ्याच्या किती इंच वर. काही शाळा पोशाखाचे फोटो आधी मागवतात, समोरून, मागून आणि खुर्चीवर बसून. बसून! एका मोठ्या माणसाने टेबलापाशी बसून पोरींचे असे फोटो तपासायचे, हे मला ख्रिस्ती वाटत नाही आणि मी शाळेच्या पालक सभेत उभी राहून तसं म्हटलेलं आहे. आधाराला तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं नववं वचन देतात, स्त्रियांनी मर्यादेने वेश करावा. पण तेच वचन पुढे काय म्हणतं? केस गुंफणं, सोनं, मोती आणि मोलवान वस्त्रं यांनी स्वतःला शोभवू नये. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला तिथे इंच मोजायचे नाहीत, त्याला श्रीमंतीचं प्रदर्शन नकोय. आणि त्याच्या आधीचं, आठवं वचन पुरुषांना सांगितलेलं आहे: राग आणि वाद सोडून हात वर करून प्रार्थना करा. ते वचन मुलग्यांच्या पत्रकावर कधी छापलेलं पाहिलं नाही.

खर्चाच्या बाजूने वाचलं तर हे वचन मुलग्यांनाही लागू पडतं. वीस डॉलरचे स्वच्छ कॅनव्हासचे बूट दारात अडवतात आणि हजार डॉलरचे इटालियन बूट आत जातात. भाड्याची लांबलचक लिमोझिन आली तर तिच्याबद्दल पत्रकात एक ओळ नसते. मर्यादा शिकवायची तर तिथूनही शिकवावी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या मित्राचा प्रश्न आला. घरचे तेलुगू ख्रिस्ती, त्याला आजोबांनी दिलेला बंदगळा घालायचा होता. शिवण उत्तम, काळं कापड, उभी कॉलर, वर गळ्यापर्यंत बटणं. पण नियम म्हणतो टाय हवा, आणि बंदगळ्याला टाय बांधणार कुठे? माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, “आई, तू शाळेला लिही ना, तुला नीट सांगता येतं.” मी लिहिलं. लिहिलं की स्कॉटिश घरातला मुलगा किल्ट, म्हणजे त्यांचा चौकड्यांचा घागरा, घालून येतो, सैन्यात भरती झालेला मुलगा गणवेशात येतो, त्यांना तुम्ही आनंदाने आत घेता. मग पंडिता रमाबाईंचं लिहिलं. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या हजर राहिल्या, पुढे दोन वर्षं अमेरिकाभर सभा घेतल्या. साडी सोडली नाही. भरलेल्या चर्चमध्ये अमेरिकन लोकांनी त्यांना ऐकलं आणि पुण्या-मुंबईतल्या विधवांसाठी पैसे उभे केले. १८८६ च्याच ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क क्लबातल्या नाचाला काही तरुण शेपटीशिवायचे आखूड कोट घालून आले आणि त्या कोटाला गावाचं नाव पडलं, अशी हकीकत सांगतात. म्हणजे तुमच्या पत्रकातला पहिल्या क्रमांकाचा पोशाख रमाबाईंच्या दौऱ्याइतकाच जुना आहे. तेव्हा तो कोटही बंडखोरीच समजला गेला होता.

शाळेचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. परवानगी होती, आणि पुढच्या वर्षीपासून ‘आपल्या समाजाचा औपचारिक पोशाख’ ही ओळ नियमांत आली. त्या संध्याकाळी बंदगळा पाहून शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्या मुलाला आजोबांबद्दल विचारलं आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले. सुचवणारं कोणी असलं तर ही माणसं ऐकतात.

नियम वाकवायचा कसा, हे मला सगळ्यात चांगलं शिकवलं ते फेब्रुवारीतल्या एका वेगळ्या प्रॉमने. टिम टीबो या माजी अमेरिकन फुटबॉलपटूच्या संस्थेने २०१५ मध्ये ‘नाइट टू शाइन’ सुरू केलं. व्हॅलेंटाइन डेच्या आधीच्या शुक्रवारी जगभरातली चर्चेस एकाच रात्री प्रॉम भरवतात, चौदा वर्षांच्या पुढच्या विशेष गरजा असलेल्या माणसांसाठी. लाल गालिचा, टाळ्या वाजवणारे लोक, बूट पॉलिश करून द्यायला बसलेले स्वयंसेवक, नाच, आणि शेवटी आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट. एकालाच राजा करायचं, हा सरकारी शाळेतला प्रकार तिथे नाही. आमच्या खोलीतले कोट तिथेही जातात.

तिथे मी शिकले की चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या तरुणाचा कोट मागून आखूड करावा लागतो, नाहीतर पाठीमागे कापडाचा गोळा होतो आणि कॉलर मानेवरून वर निघते. बाह्यांची आतली शिवण जरा सैल लागते, कारण तो चाकं ढकलतो. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाच्या शर्टाचं मानेवरचं लेबल पुरतं उसवायचं, अर्धं कापलेलं जास्त टोचतं. शर्ट आधी दोन-तीनदा धुऊन मऊ करायचा. टायची गाठ गळ्याशी नको असेल तर चिमट्याचा टाय, तोही नको असेल तर टाय नको. पँटला बटणाऐवजी आतून इलॅस्टिक. एका तरुणाला कोट हवा होता पण बाह्या नको होत्या; त्याला त्याच कापडाचं जाकीट करून दिलं, तीन बटणांचं, आतून सॅटिनचं अस्तर. ते घालून तो रांगेत पुढे येत होता आणि दर दोन पावलांना थांबून अस्तर उघडून दाखवत होता. दारात कोणी त्याला कोट कुठेय असं विचारलं नाही. नियम इथेही आहेच, चांगले कपडे घालून या. पण माणूस आधी पाहिला जातो आणि कपडा त्याच्या मापाने कापला जातो.

शाळेतल्या सतरा वर्षांच्या धडधाकट मुलालाही तेच हवं असतं, फक्त तो बोलून दाखवत नाही.

या वर्षी मी मुलाच्या शाळेला एकच विनंती केली. खोलीचा पत्ता आणि वेळ पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात न छापता नियमांच्या वर छापा, आणि ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी’ हे शब्द वगळा. शाळेने मानलं. आता पहिली ओळ अशी आहे: कोट, शर्ट, टाय, बूट यांपैकी काहीही हवं असल्यास शनिवारी दहा ते दोन या वेळात या, माप घेऊन मिळेल. त्याखाली नियम. पहिल्या शनिवारी जे आले त्यांत ऐपत असलेलेही होते, कारण त्यांना नुसती बाही आखूड करून हवी होती. आणि म्हणूनच कोण कशासाठी आलंय हे रांगेत कोणालाच कळत नव्हतं. मला हवं होतं ते हेच.

परत करायची अट आम्ही ठेवलेली नाही. बरेच जण धुऊन, इस्त्री करून आणून देतात. काही ठेवून घेतात, कारण पुढे पदवीदान असतं आणि मग नोकरीच्या मुलाखती असतात. ठेवावा. कोट दांड्यावर लटकण्यापेक्षा अंगावर बरा.

डॅलसच्या आसपास राहणारे मराठी लोक हे वाचत असतील तर त्यांना सांगते. तुमच्या कपाटात लग्नातला किंवा पहिल्या नोकरीतला सूट पडून असेल तर आणून द्या. कोट आणि पँट एकत्र द्या, वेगळी झालेली पँट पुन्हा जुळत नाही. जुना असला तरी चालेल, कॉलर विटलेली नको. सध्या चौतीस आणि छत्तीस शॉर्ट एकही उरलेले नाहीत, दहावीतून अकरावीत आलेली लहानखुरी मुलं तेच मागतात. शेहेचाळीस लाँगच्या पुढचेही कमी आहेत. बुटांत बारा नंबरच्या वरचे काळे हवेत. आणि कोणाला शिवता येत असेल तर एप्रिलचे शनिवार द्या. मशीन दोन आहेत, तिसरी कोणी आणली तर बाह्यांचं काम त्याच दिवशी उरकेल.